केममधला हिमालय

सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातले केम हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते कुंकवासाठी. मुंबई-सोलापूर लोहमार्गावर जेऊर मागे पडले की कुर्डुवाडीच्या अलीकडे हे स्थानक लागते. गावात उत्तरेश्वराचे देऊळ आहे, कुंकवाचे कारखाने आहेत, आणि उन्हाळा असा की बर्फ हा शब्द गोळेवाल्याच्या गाडीपलीकडे जात नाही. या गावात १९९०च्या दशकात वाढलेल्या आमच्यासारख्यांनी हिमालय पहिल्यांदा 'पाहिला' तो भूगोलाच्या पुस्तकात किंवा यात्रेकरूंच्या बोलण्यात नव्हे. तो आम्ही एका बदकाला उड्या मारायला लावत पाहिला. ते बदक म्हणजे स्क्रूज मॅकडक आणि तो खेळ म्हणजे 'डकटेल्स'. दूरचित्रवाणीवरील मालिकेवरून बेतलेला हा व्हिडिओ गेम साहित्याच्या अभ्यासकांनी विचारात घ्यावा असा आहे, असे आम्हांला वाटते. प्रस्तुत टिपण त्यासाठीच.

आधी या बदकाची वंशावळ पाहू. चार्ल्स डिकन्सची 'ए ख्रिसमस कॅरल' १८४३ साली प्रसिद्ध झाली. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले तेही याच वर्षी. डिकन्सच्या कथेतला कंजूष स्क्रूज एका रात्रीत बदलतो आणि दुसऱ्या दिवशी हात सैल सोडतो. त्याचे नाव घेऊन अमेरिकी चित्रकार कार्ल बार्क्स यांनी १९४७ साली डिस्नेच्या चित्रकथांत एक धनाढ्य बदक निर्माण केले. ते बदक सुधारत नाही; ते जमवत राहते. बार्क्स यांच्या कथांचा आधार घेत १९८७च्या सप्टेंबरात 'डकटेल्स' ही मालिका अमेरिकेत सुरू झाली. मग १९८९ साली ओसाका येथील कॅपकॉम या जपानी कंपनीने मालिकेवरून निन्टेन्डोच्या यंत्रासाठी खेळ तयार केला. आपल्याकडे मालिका आली ती दूरदर्शनवर, रविवारी सकाळी, हिंदीत बोलणारी. खेळ आला तो निन्टेन्डोच्या 'फॅमिकॉम'ची नक्कल करणाऱ्या स्वस्त यंत्रांतून आणि तितक्याच स्वस्त, नकली कॅसेटींतून.

म्हणजे इंग्लंडमधले नाव, अमेरिकेतले चित्र, जपानातला खेळ आणि हिंदीतला आवाज असा हा प्रवास आहे. या साखळीत मराठी कुठेच नाही. ती सुरू होते खेळणाऱ्यांच्या तोंडी.

ती कशी, हे सांगण्यासाठी त्या खोलीत जावे लागेल. यंत्राला कुणी 'कन्सोल' म्हणत नसे. तो 'टीव्ही गेम'. हातात धरायचा तो 'रिमोट', आत घालायची ती 'कॅसेट'. कॅसेट लागली नाही की ती काढून तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. कॅसेटीवर एक चित्र असे आणि आत निघे दुसरेच. सोबत माहितीपुस्तिका नसे. पडद्यावरची अक्षरे इंग्रजी किंवा जपानी, आणि आम्हां कुणालाच ती धड वाचता येत नसत. खेळ एका वेळी एकालाच खेळता येई, म्हणून रिमोट एकाच्या हाती आणि पाच-सहा जण मागे बसलेले. लाईफ गेली की रिमोट पुढच्याकडे. हा नियम कॅपकॉमचा नव्हे. तो विटीदांडूचा होता: डाव गेला की दुसऱ्याने खेळायचे. मागे बसलेले गप्प बसत नसत. 'वरून उडी घे', 'थांब, तो परत येतोय', 'खाली पेटी आहे, काठी मार' असे अखंड मराठी निरूपण चालू असे.

खेळाची रचना थोडक्यात अशी. अ‍ॅमेझॉनचे जंगल, ट्रान्सिल्व्हानिया, आफ्रिकेतल्या खाणी, हिमालय आणि चंद्र अशी पाच स्थळे. कोणत्याही स्थळापासून सुरुवात करावी आणि प्रत्येक ठिकाणचे एक मोठे धन मिळवावे. अ‍ॅमेझॉनात इंका राजाचा राजदंड, हिमालयात चेंगीझखानाचा हरवलेला मुकुट, आणि याच जातीच्या आणखी वस्तू. स्क्रूजच्या हाती एक काठी. तिच्यावर उभे राहून तो टणाटण उड्या मारतो, शत्रूच्या डोक्यावर आपटतो, दगड-पेट्या फोडतो. आफ्रिकेतल्या खाणीत शिरायला किल्ली लागते आणि ती किल्ली ट्रान्सिल्व्हानियात असते. हिमालयातल्या बर्फात मात्र उडी मारताना काठी रुतते आणि स्क्रूज अडकून पडतो. सोलापुरी उन्हात वाढलेल्या मुलाला बर्फाचा पहिला धडा मिळाला तो असा, अंगठ्याला. बर्फ पांढरा वा थंड असतो हे नंतर. आधी कळले ते हे की बर्फात पाय रुततो. पुस्तकातल्या वर्णनाने हे ज्ञान झाले असते का, हा प्रश्न आम्हांला आजही पडतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. रूपांतर ही मराठीला नवी गोष्ट नाही. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' (१८८३) केले, देवलांनी 'ऑथेल्लो'चे 'झुंझारराव' (१८९०) केले. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला आणि स्वतःचा फास्टर फेणेही दिला. तो १९८७ साली दूरचित्रवाणीवर आणि २०१७ साली चित्रपटात आला. या प्रत्येक रूपांतरात काय टिकले असे विचारले, तर उत्तर साधारण एकच येते. कथा टिकली, नावे, वेष, भाषा बदलली. 'डकटेल्स'च्या बाबतीत नेमके उलट झाले. नाव टिकले, वेष टिकला, पात्रेही टिकली. गेली ती कथा. मालिकेच्या एखाद्या भागात जी गुंतागुंत असे, भाच्यांचे शहाणपण, स्क्रूजची चिकटूपणावरून होणारी फजिती, त्यांतले खेळात जवळजवळ काहीच नाही. भाचे भेटतात ते दोन वाक्यांचा सल्ला देण्यापुरते.

परंतु कथा खरोखर गेली का? कीर्तनाच्या श्रोत्याला आख्यान आधीच माहीत असते. दशावतारी नाटकाला छापील संहिता लागत नाही, कारण रावण कोण हे प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. अमेरिकी अभ्यासक हेन्री जेन्किन्स यांनी २००४च्या एका निबंधात असेच काही मांडले आहे: ज्ञात कथेवरचा खेळ ती कथा पुन्हा सांगत बसत नाही, आधीच मनात असलेल्या जगात तो आपल्याला हिंडू देतो. आमच्या बाबतीत ते जग रविवारी सकाळी दूरदर्शनने उभे केले होते. ज्याच्या घरी टीव्ही होता आणि ज्याने मालिका पाहिली होती, तो खेळताना इतरांना गोष्ट सांगे. हा विमानवाला लाँचपॅड, तो नेहमी विमान आपटतो. ही बाई वरून खाऊ टाकते, ती घरची दाई. कथा पडद्यावरून उठून खोलीत आली होती. सांगणारा बदलला की ती बदलत असे. आफ्रिकेची किल्ली ट्रान्सिल्व्हानियात का, याचे उत्तर खेळाने दिले तेही आम्हांला वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक गल्लीने आपापले उत्तर रचले. नॉर्वेजियन अभ्यासक एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ साली ज्याला 'एर्गोडिक' साहित्य म्हटले, म्हणजे पुढे जाण्यासाठी वाचकाला डोळे फिरवण्यापलीकडे काही श्रम करावे लागतात अशी संहिता, त्याचा हा एक सामुदायिक अवतार होता.

येथवर हे सारे गोड वाटते. आठवणींची पाने बहुधा येथेच संपतात. आम्हांला मात्र पुढे जाणे भाग आहे.

१९७१ साली चिलीमध्ये एरियल डॉर्फमन आणि आर्मान्ड मॅटेलार्ट यांनी डोनाल्ड डक कसा वाचावा या विषयावर एक पुस्तक लिहिले. १९७३च्या लष्करी उठावानंतर तेथे त्याच्या प्रती नष्ट करण्यात आल्या. त्यांचे प्रतिपादन असे की, डिस्नेच्या चित्रकथांत दूरदेशीचे लोक भाबडे असतात, त्यांच्या भूमीत खजिना असतो, आणि बदके येऊन तो घेऊन जातात. निष्पाप करमणुकीच्या वेष्टनात हा साम्राज्याचा धडाच असतो. हे पुस्तक वाचताना आमच्या डोळ्यांपुढे ती पाच स्थळे उभी राहिली. इंकांचा राजदंड, आफ्रिकेची खाण, हिमालयातला मुकुट. केममधला एक मुलगा परदेशी धनाढ्याच्या बाजूने हिमालयात उतरत होता आणि तेथले धन बाहेर नेत होता. त्याला टाळ्या मिळत होत्या.

पहिल्या वाचनाच्या वेळी आम्ही स्वतःची समजूत घातली ती अशी. आम्हांला इंग्रजी येत नव्हते. हा मुकुट कुणाचा, राजदंड कुणाचा हे ठाऊकच नव्हते. आमच्यासाठी त्या नुसत्या चकाकणाऱ्या वस्तू होत्या. म्हणजे विचारसरणी भाषेच्या उंबऱ्यावरच अडली आणि आत आला तो केवळ खेळ. ही समजूत आम्ही बराच काळ बाळगली. आज ती आम्हांला टिकणारी वाटत नाही. वाचता येणाऱ्या मुलाला निदान 'चेंगीझखान' हे नाव दिसले असते. त्याने विचारले असते की हा कोण, आणि त्याचा मुकुट स्क्रूजचा कसा? आम्हां न वाचणाऱ्यांपाशी हा प्रश्न उद्भवलाच नाही. उरली ती हाताची सवय: चकाकेल ते घ्यायचे, समोर येईल त्याच्या डोक्यावर उडी मारायची. खेळाच्या अखेरीचे चित्रही किती पैसे जमले त्यावर बदलते. डिकन्सच्या स्क्रूजची गोष्ट तो देऊ लागतो तेव्हा पुरी होते. या स्क्रूजची गोष्ट तिजोरीच्या आकड्याने ठरते. आम्ही ती उलथापालथ अंगठ्याने पाठ केली, आणि पाठ करताना ती गोष्ट आहे हेही आम्हांला कळले नाही. भाषेने आमचे रक्षण केले नाही. भाषेच्या अभावाने धडा अधिक खोल गेला, असेच म्हणावे लागते.

तरीही डॉर्फमन-मॅटेलार्ट यांची मांडणी जशीच्या तशी केमला लावणे आम्हांला जड जाते. त्यांच्यापुढे छापलेले पान होते आणि ते वाचणारे एकटे मूल. आमच्यापुढे सहा जणांची खोली होती. स्क्रूज एकटा जमवतो. आमच्यात लाईफ गेली की रिमोट सोडावा लागे. खेळातली नीती साठवणुकीची आणि खोलीतली नीती वाटून घेण्याची. या दोहोंपैकी कोणती आमच्यात अधिक मुरली? याचे प्रामाणिक उत्तर द्यायचे तर ते माणसागणिक वेगळे निघेल. टीव्ही ज्याच्या घरचा, त्याचा डाव थोडा लांबत असे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

खेळाकडे संहिता म्हणून पाहण्याची रीत आम्हांला बाहेरूनच आणायला हवी होती असेही नाही. केमहून पंढरपूर दूर नाही. एकनाथांनी फुगडी-हुतूतूवर भारुडे रचली. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, हमामा, टिपरी, हुतूतू अशा खेळांवर अभंग आहेत. संतांनी पोरांच्या खेळाला हलके मानले नाही. त्यातले पकडणे, सुटणे, हरणे, पुन्हा उभे राहणे यांचा अर्थ त्यांनी विचारला, आणि कोणत्या खेळात माणूस अडकतो हेही सांगितले. पदव्युत्तर वर्गात आपण हे अभंग शिकवतो. त्याच वर्गातल्या विद्यार्थ्याने ज्या खेळावर आपले बालपण घालवले, त्याबद्दल मात्र त्याला एक वाक्यही विचारत नाही.

विचारण्याची घाई आहे, कारण साधने वेगाने नाहीशी होत आहेत. मूळ खेळाची दुरुस्त आवृत्ती २०१३ साली निघाली. तीत मालिकेतल्या ॲलन यंग यांनीच स्क्रूजला आवाज दिला आणि जी कथा १९८९च्या खेळात जवळजवळ नव्हती ती सविस्तर बोलून दाखवली. तीच आवृत्ती २०१९ साली काही महिने आंतरजालावरील विक्रीतून काढून घेण्यात आली आणि २०२०त परत आली. मालकाने ठरवले तर संहिता उद्या दिसेनाशी होऊ शकते, इतकाच याचा अर्थ. तरी तो खेळ कुठे ना कुठे जतन होईल. जगभर त्याचे चाहते आहेत. जतन होणार नाही ती केमची खोली: कुठल्या गल्लीने किल्लीचे काय कारण सांगितले, स्क्रूजला कोणत्या नावाने हाक मारली, कुणाच्या घरचा टीव्ही होता, मुलींना रिमोट किती वेळा मिळाला. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या आठवणीत तरी फार थोडे आहे, आणि तो थोडेपणाही इतिहासच आहे.

केममध्ये कुंकू पाहतच आम्ही वाढलो. हळदीत क्षार मिसळला की ती लाल होते. पदार्थ तोच, पण नंतर कुणी तिला हळद म्हणत नाही. मालिकेचा खेळ होताना आणि खेळाची आमची मराठी गोष्ट होताना असेच काहीसे घडले. तो रंग कशाने आला याची चौकशी साहित्याच्या अभ्यासकाने करायची नाही तर कुणी? शिक्षक-वाचकांनी आपल्या वर्गात एक तास यासाठी द्यावा आणि विद्यार्थ्यांना इतकेच विचारावे: तुम्ही खेळलेल्या एखाद्या खेळाची गोष्ट, तुम्ही ती तेव्हा जशी समजलात तशी, लिहून आणा. जे हाती येईल ते कदाचित ओबडधोबड असेल. पण आमच्या पिढीच्या वाचनाचा एक मोठा भाग आजवर कागदावर आलेला नाही, आणि तो आणण्याची सुरुवात कुठून तरी करायलाच हवी.