छायाचित्रापुढचे बोलणे

आळे-जुन्नर भागातल्या जुन्या घरांत भिंतीवरच्या फोटोंपुढे पाहुणा थांबला, की घरातले कोणी बोलू लागते आणि फोटोत नसलेलेच अधिक सांगते. छायाचित्राचा हा गुण वैद्यकाच्या नोंदीत आला तो जवळजवळ आडवाटेने. 1856 साली सरे परगण्यातील मनोरुग्णालयाचे डॉ. ह्यू डायमंड यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. चेहऱ्यावरून वेड ओळखता येते, हा त्यांचा दावा आज टिकत नाही. मात्र त्यातली एक हकिगत मोलाची आहे. स्वतःला राणी समजणाऱ्या एका रुग्ण स्त्रीला आपली छायाचित्रे पाहून गंमत वाटली, ती त्यांविषयी वारंवार बोलू लागली आणि तिथून तिच्यात सुधारणा दिसू लागली.

त्याच दशकात मुंबईत डॉ. नारायण दाजी (भाऊ दाजी लाडांचे बंधू) वैद्यही होते आणि छायाचित्रकारही. तरी त्या काळच्या मुंबईतला कॅमेरा रमला तो माणसांचे ‘नमुने’ जमवण्यात. विल्यम जॉन्सन यांचा 1863 चा ग्रंथ पाहावा. त्यातल्या माणसांना स्वतःविषयी बोलायला जागाच नव्हती.

ती जागा पुढे बाजाराने दिली. हार्वर्डच्या जेराल्ड झाल्टमन यांना 1990 मध्ये नेपाळात गावकऱ्यांनी काढलेल्या फोटोंत माणसांचे पाय कापलेले दिसले. ती चूक नव्हती. अनवाणी पाय म्हणजे दारिद्र्य, ते दाखवायचे नव्हते. या अनुभवातून त्यांची ग्राहक-संशोधनाची पद्धत घडली, 1995 मध्ये तिला पेटंट मिळाले. ग्राहक स्वतः निवडलेली चित्रे आणतो, मुलाखतकार त्याला त्यांवर बोलते करतो. डायमंडच्या रुग्णेचे बोलणे तिच्याच उपयोगी पडले. इथले बोलणे कंपनीच्या दप्तरी जमा होते, हे मला खटकते.