झेवियर्सचा दगडी चौक आणि धुळ्याची दप्तरं

खानदेशाच्या इतिहासावर बोलता बोलता आज मी तुम्हाला मुंबईला नेतोय, सेंट झेवियर्स कॉलेजात. जळगावहून रेल्वेनं सीएसएमटीला उतरलात की तिथं पायी पोचता येतं. समोर आझाद मैदान, शेजारी कामा हॉस्पिटल आणि ही जुनी दगडी इमारत.

१८६९ मध्ये जेसुइट पाद्र्यांनी हे कॉलेज काढलं, बरेचसे जर्मन. मुंबई विद्यापीठ तेव्हा अवघं १२ वर्षांचं. त्याचं काम परीक्षा घेणं आणि पदव्या देणं, शिकवायचं कॉलेजांनी. मग १९१४ चं महायुद्ध आलं. जर्मन पाद्री एकाएकी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. अनेकांना नजरकैद झाली, मायदेशी धाडलं गेलं. पुढं त्यांच्या जागी स्पेनहून माणसं आली. त्यांतलेच एक फादर हेन्री हेरास, १९२२ मध्ये आलेले.

हेरास इतिहास शिकवायचे. साधनांशिवाय संशोधन कसं होणार? म्हणून १९२६ मध्ये त्यांनी कॉलेजातच संशोधन संस्था उभी केली. ग्रंथ, नाणी, मूर्ती जमवल्या. स्वातंत्र्यानंतर ते भारताचे नागरिक झाले आणि १९५५ मध्ये वारले. आज संस्थेला त्यांचंच नाव आहे.

आता बघा, त्याच १९२६ च्या ३१ डिसेंबरला आपल्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे गेले. गावोगाव हिंडून दप्तरं मिळवणारा, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड काढणारा माणूस. पण पाठीशी ना कॉलेज, ना वर्ग. त्यांचा संग्रह धुळेकरांनी संशोधन मंडळ काढून सांभाळला, हे मोठंच काम. मात्र खानदेशात कॉलेजं आली ती १९४५ च्या सुमारास, आणि जळगावचं विद्यापीठ १९९० मध्ये.

म्हणजे हेरासांच्या विद्यार्थ्याला साधनं एक जिना चढून मिळायची. आपल्याकडं कागद धुळ्यात आणि पदवी मुंबई-पुण्यात. मला वाटतं, फरक हुशारीचा नव्हता, या अंतराचा होता. शहराच्या मध्यावर वर्ग आणि साधनं एकाच छपराखाली असली, की शिष्य घडतात.

आज जळगाव ते धुळे एसटीनं दोन-अडीच तास. इतिहास शिकवणाऱ्या सर-मॅडमना माझी एकच विनंती: वर्षातून एकदा तरी पोरांना तिथं न्या, मोडी कागद दाखवा. वाचणारं कुणी उरलं नाही, तर सांभाळलेली दप्तरंही मुकीच राहतील.

भेटू पुढच्या भागात.