'सीडी' कमांड कामातून गेली तेव्हा

#थ्रेड

१/ लिनक्सच्या काळ्या पडद्यावर तीन कमांड सतत उमटतात. 'पीडब्ल्यूडी' आपण कोणत्या डिरेक्टरीत आहोत ते सांगते, 'एलएस' तिथल्या फाइलींची यादी देते, 'सीडी' दुसऱ्या डिरेक्टरीत नेते. तिघी सख्ख्या बहिणी वाटतात. पण 'सीडी'ची घडण निराळी आहे आणि तिच्यामागे एक जुना बिघाड आहे.

२/ बेल लॅब्जने १९६९ साली मल्टिक्स प्रकल्पातून अंग काढून घेतले. त्यानंतर न्यू जर्सीतील मरे हिल येथे केन थॉम्पसन, डेनिस रिची प्रभृतींनी पीडीपी-७ या जुनाट यंत्रावर युनिक्स उभारली. 'लिस्ट'चे 'एलएस' हे लघुरूप मल्टिक्समध्येही होते. सेकंदाला जेमतेम १० अक्षरे छापणाऱ्या टेलिटाइपवर अशा दोन अक्षरी नावांचे मोल कळत असे.

३/ प्रारंभी यंत्राला दोन टर्मिनल आणि प्रत्येकाची एकच प्रोसेस. कमांड दिली की शेल बाजूला होई, त्याच प्रोसेसमध्ये तो प्रोग्रॅम चाले आणि काम संपल्यावर शेल पुन्हा भरला जाई. 'चालू डिरेक्टरी' ही नोंद प्रोसेसची असते. त्यामुळे एकदा बदललेली डिरेक्टरी टिकून राही.

४/ मग 'फोर्क' आला. असेंब्लीच्या अवघ्या २७ ओळी! आता शेल जागेवरच राहू लागला आणि प्रत्येक कमांडसाठी नवी प्रोसेस जन्माला येऊ लागली. युनिक्सच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा टप्पा मानावा लागेल.

५/ आणि ऐन आनंदात डिरेक्टरी बदलणे बंद पडले. (तेव्हा या कमांडचे नाव 'सीएचडीआयआर' होते.) कोड पुन्हा पुन्हा वाचला गेला. रिचींनी १९७९च्या लेखात ही फजिती मोकळेपणाने सांगितली आहे. कमांड आपले काम चोख करत होती. पण डिरेक्टरी बदलत होती ती नव्या प्रोसेसची, आणि ती प्रोसेस लगेच संपत होती. गड्याला परगावी धाडावे आणि धनी तिथे पोहोचल्याचे गृहीत धरावे, तसा प्रकार!

६/ उपाय एकच होता : ही कमांड शेलने स्वतःच पार पाडायची. 'एलएस'ला ते बंधन नाही. यादी कोणीही वाचून दाखवावी. १९७९च्या सातव्या आवृत्तीत 'सीडी' हे आखूड नाव आले.

७/ आजही स्क्रिप्टमध्ये 'सीडी' लिहून ती नेहमीसारखी चालवली, तर स्क्रिप्ट संपल्यावर वापरकर्ता पूर्वीच्याच डिरेक्टरीत असतो.