आहारतज्ञ, रुग्णालयातील

रुग्णाचा रोग, वय, पचनशक्ती व खाण्याच्या सवयी लक्षात घेऊन त्यास कोणते अन्न, किती व कोणत्या स्वरूपात द्यावयाचे हे ठरविणाऱ्या आणि ते प्रत्यक्षात त्याच्या पोटात जाते की नाही यावर लक्ष ठेवणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीस रुग्णालयातील आहारतज्ञ म्हणतात. आहाराची योजना आणि तिची अंमलबजावणी ही या कार्याची दोन अंगे होत. पहिल्याची परंपरा प्राचीन आहे. दुसऱ्याची जबाबदारी मात्र विसाव्या शतकातच स्वतंत्र व्यवसायाकडे आली.

पूर्वपीठिका : आयुर्वेदात पथ्यापथ्यविचार हा चिकित्सेचाच भाग मानला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात रुग्णगृहाच्या रचनेत स्वयंपाकघराचा आणि परिचारकांमध्ये वरण-भात शिजविणाऱ्या पाचकांचा उल्लेख येतो. आधुनिक रुग्णालयांत या प्रश्नाची तीव्रता क्रिमियाच्या युद्धात प्रथम ठळकपणे दिसून आली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) नोव्हेंबर १८५४ मध्ये स्कूटारी येथील लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या, तेव्हा रुग्णांचे मांस मोठ्या हंड्यांत एकत्र उकळले जाई आणि हाडांसह वजन करून वाटले जाई. त्यामुळे कोणाच्या वाट्याला मांस, तर कोणाच्या वाट्याला हाडेच येत. नाइटिंगेल यांनी विशेष आहारासाठी वेगळी स्वयंपाकघरे उघडली. १८५५ मध्ये तेथे गेलेले नामांकित पाकतज्ञ आलेक्सी स्वाये (१८१०–५८) यांनी पाककृती ठरवून दिल्या व सैनिकांना स्वयंपाकाचे शिक्षण दिले. पुढे ‘नोट्स ऑन नर्सिंग’ (१८५९) या पुस्तकात नाइटिंगेल यांनी दाखवून दिले, की अन्नाचा तुटवडा नसतानाही रुग्ण उपाशी राहतात. कारण ते त्यांना केव्हा व कसे खाता येईल याचा विचार कोणी करीत नाही.

व्यवसायाचा उदय : अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, क्लीव्हलँड येथे आहारतज्ञांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ब्रिटनमध्ये १९२४ साली एडिंबरोच्या रॉयल इन्फर्मरीत रूथ पायबस या परिचारिकेकडे आहार विभाग सोपविण्यात आला. याच दशकातील वैद्यकीय शोधांनी या व्यवसायाला शास्त्रीय अधिष्ठान दिले. जानेवारी १९२२ मध्ये टोराँटो येथे मधुमेही रुग्णास प्रथमच इन्शुलिन देण्यात आले. तत्पूर्वी जवळजवळ उपासमारीचा आहार हाच मधुमेहावरील प्रमुख उपाय होता. इन्शुलिनमुळे पथ्याची गरज संपली नाही. उलट औषधाची मात्रा व जेवणातील कार्बोहायड्रेटे यांचा मेळ घालणे आवश्यक झाले. अन्न तोलणे, त्याचे गणित करणे व ते रुग्णास शिकविणे हे आहारतज्ञाचे काम ठरले. १९२६ मध्ये मायनट व मर्फी यांनी मारक पांडुरोगावर यकृताहाराचा गुण सिद्ध केला. रोज १२० ते २४० ग्रॅ. यकृत रुग्णाच्या गळी उतरविणे हे सोपे नव्हते. येथेही उपचाराचे यश स्वयंपाकावर अवलंबून होते. फेनिलकीटोन्यूरिया या आनुवंशिक विकारात फेनिलअॅलॅनीन हे अॅमिनो अम्ल अत्यल्प असलेल्या आहाराचा उपयोग होतो, हे बर्मिंगहॅम येथील बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखविले. जन्मानंतर लवकर सुरू केल्यास या आहाराने मतिमंदत्व टाळता येते.

रुग्णालयीन कुपोषण : एवढी प्रगती होऊनही नाइटिंगेल यांनी दाखविलेला दोष नाहीसा झाला नाही. १९७४ मध्ये अमेरिकन वैद्य चार्ल्स बटरवर्थ यांनी रुग्णालयांतच कुपोषण वाढते, असे निदर्शनास आणले. रुग्णाची उंची व वजन न नोंदविणे, तपासण्यांसाठी जेवणे चुकविणे आणि केवळ ग्लुकोज व लवणाच्या द्रावणावर त्याला दीर्घकाळ ठेवणे ही त्यांनी दिलेली काही कारणे होत. १९९४ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथील पाहणीत दाखल होणाऱ्या ५०० रुग्णांपैकी २०० कुपोषित आढळले. अशा रुग्णांकडे लक्ष दिल्याने काय साधते, याचे उत्तर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधील चाचणीने दिले. आठ रुग्णालयांतील, कुपोषणाचा धोका असलेल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांवर ती करण्यात आली. नेहमीचे रुग्णालयीन अन्न घेणाऱ्यांपैकी सु. १० टक्के रुग्ण ३० दिवसांत दगावले, तर आहारतज्ञाने व्यक्तिशः आखलेला आहार घेणाऱ्यांत हे प्रमाण सु. ७ टक्के होते.

भारत : भारतात पोषणविषयक संशोधनाचा पाया रॉबर्ट मॅककॅरिसन (१८७८–१९६०) यांनी १९१८ मध्ये कुन्नूर येथे घातला. त्या प्रयोगशाळेचे संचालक वॉलेस अॅक्रॉइड यांच्या १९३७ मधील पुस्तिकेमुळे भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांचे कोष्टक हाती आले व त्याआधारे येथील रुग्णांचा आहार आखणे शक्य झाले. ही संस्था १९५८ मध्ये हैदराबाद येथे हलविण्यात आली. १९६३ मध्ये भारतीय आहारतज्ञांची संघटना स्थापन झाली.

येथील आहारतज्ञापुढील प्रश्न काहीसे निराळे आहेत. पाश्चात्त्य आहारतक्ते भाकरी, भात, वरण यांच्या मापात बसवून घ्यावे लागतात. रुग्णास घरचा डबा येत असेल, तर नातेवाइकांनाही पथ्य समजावून सांगावे लागते. मूत्रपिंडविकाराच्या रुग्णास लोणचे-पापड का वर्ज्य आहेत किंवा भाजी उकळून तिचे पाणी का टाकावयाचे, हे घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला पटले नाही, तर लिहून दिलेला आहार कागदावरच राहतो. मधुमेही व्यक्तीच्या उपवासाचाही असाच आधी विचार करावा लागतो. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आहारतज्ञांचा समावेश संलग्न आरोग्य व्यावसायिकांत केला असून त्यांच्या शिक्षणाची मानके व नोंदणी यांची तरतूद केली आहे. पाचकाच्या हाताखालून सुरू झालेल्या या कार्यास त्यामुळे वैधानिक स्थान लाभले आहे.