उद्योगांतील ‘आरओ’ : क्षार वेगळे होतात, नाहीसे होत नाहीत

रिव्हर्स ऑस्मोसिस अर्थात ‘आरओ’ या प्रक्रियेत क्षारयुक्त पाणी त्याच्या परासरण दाबापेक्षा अधिक दाबाने अर्धपार्य पटलातून ढकलले जाते. पाणी पटलापलीकडे जाते, तर विरघळलेले बहुतेक क्षार अलीकडेच राहतात. बॉयलर आणि औषधनिर्मिती यांसाठी शुद्ध पाणी मिळविण्याकरिता ही पद्धत रूढ आहे. सांडपाण्याच्या पुनर्वापरातील तिचे महत्त्व आणि मर्यादा तमिळनाडूतील तिरुप्पूर येथे दिसून येतात.

तिरुप्पुरात सुती होजिअरीच्या रंगाईसाठी मिठाचा मोठा वापर होतो. जैविक प्रक्रियेने सेंद्रिय प्रदूषण घटते. मीठ मात्र पाण्यातच राहते. असे सांडपाणी नोय्यल नदीत गेल्याने काठची शेती व विहिरी खारावल्या. शेतकऱ्यांच्या न्यायालयीन लढ्यानंतर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ‘शून्य द्रव विसर्ग’ न साधणारे रंगाई कारखाने आणि सामाईक प्रक्रिया केंद्रे बंद करण्याचा आदेश दिला.

या व्यवस्थेत सांडपाण्यातील गाळ, सेंद्रिय द्रव्ये आणि कठीणपणा आधी कमी केला जातो. अन्यथा पटले लवकर चोंदतात. ‘आरओ’तून मिळालेले पाणी पुन्हा रंगाईला वापरले जाते. उरलेले तीव्र खारे पाणी बाष्पीभवन संयंत्रात आटवून त्यातील मीठही परत मिळविले जाते.

बाष्पीभवनाचा हा टप्पाच सर्वाधिक ऊर्जा घेतो. शेवटी उरणारे मिश्र क्षार सुरक्षित साठवावे लागतात. तो खर्च टाळला गेल्यास क्षार पुन्हा नदीतच पोहोचतात.