घर होते त्यास आणि घर नव्हते त्यास

कल्याण सोडून अंबरनाथकडे निघालेली लोकल गाडी प्रथम विठ्ठलवाडीस थांबते व मग उल्हासनगरास. या दोन स्थानकांमधील अंतर इतके अल्प आहे की, उतारूस खिडकीबाहेर नीट पाहण्यासही अवकाश मिळत नाही. तथापि सरकारी साहाय्याने स्वतःचे घर मिळविण्यास पात्र कोण, या प्रश्नास आपल्या देशाने दिलेली दोन उत्तरे याच टापूत पाहावयास मिळतात. आणि ती परस्परांच्या अगदी उलट आहेत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे लष्कराची छावणी होती. 1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस तिच्या बराकींत आसरा देण्यात आला. एकेका बराकीत अनेक कुटुंबे आणि मध्ये पडद्याचा आडोसा, अशा स्थितीत सधन व निर्धन एकाच छपराखाली आले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी नव्या वसाहतीची कोनशिला बसविली, आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले.

छप्पर मिळाले, मालकी कशी मिळावी? 1950 च्या कायद्यान्वये पश्चिम पाकिस्तानात मागे राहिलेल्या स्थावराचे दावे तपासण्यात आले, व 1954 च्या कायद्याने भरपाईची व्यवस्था केली. ज्याचा दावा मान्य झाला, त्यास भरपाईच्या रकमेतून राहत्या जागेची किंमत वळती करून घेता येई. म्हणजे त्या वेळी पात्रतेचा पहिला प्रश्न ‘तुझे तिकडे घर होते काय?’ हा होता. ज्याची हवेली तिकडे राहिली, त्याच्यापाशी दावा होता. जो तिकडेही भाडेकरूच होता, त्याने गाव गमावला, शेजार गमावला, परंतु कागदाच्या दृष्टीने त्याने काहीच गमावले नव्हते! अर्थात नियम करणारांस ही उणीव दिसली नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दावा नसलेल्या निर्वासितासही राहती जागा सरकारकडून हप्त्याने विकत घेण्याची वाट त्यांनी मोकळी ठेविली होती.

आता दुसरे उत्तर पाहू. 25 जून 2015 रोजी प्रधानमंत्री आवास योजना सुरू झाली, आणि म्हाडाने कल्याणजवळ खोणी व शिरढोण येथे तीतील घरे सोडतीने दिली. येथे पहिली अट अशी की, पती, पत्नी व अविवाहित मुले मिळून होणाऱ्या कुटुंबाच्या नावे भारतात कोठेही पक्के घर नसावे. अत्यल्प उत्पन्न गटास वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये होती. मुंबई महानगर प्रदेशापुरती ती 2023 साली 6 लाख झाली. घराच्या मालकीत कुटुंबातील स्त्रीचे नाव असावे, ही अट तर आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. केंद्राचे दीड लाख व राज्याचा एक लाख, असे अडीच लाखांचे साहाय्य अशा घरास मिळे.

पूर्वी ‘होते’ हे सिद्ध करावे लागे. आता ‘नाही’ हे सिद्ध करावे लागते. परंतु खरी कसोटी पुढेच आहे. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईस पगाराची पावती कोण देणार? तिने उत्पन्नाचा दाखला खटपटीने मिळविला आणि सुदैवाने सोडतीत तिचे नावही लागले, तरी साहाय्य वजा जाता उरणारी किंमत काही लाखांची असते. ती भागविण्यासाठी ती बँकेच्या दारी जाते. तेथे नियमित उत्पन्नाचा पुरावा मागतात. ज्या तुटपुंज्या मिळकतीने ती घरास पात्र ठरली, तीच मिळकत तिला कर्जास अपात्र ठरविते. एकाच कागदाने एक दार उघडावे आणि त्याच कागदाने दुसरे लागावे, हा केवढा दैवदुर्विलास!

जुन्या व्यवस्थेत न्याय अधिक होता, असे आमचे म्हणणे नाही. ज्याचे गेले त्यालाच आधी द्यावे, या तत्त्वापेक्षा ज्याला नाही त्याला द्यावे, हे तत्त्व खचित श्रेष्ठ होय. परंतु दावा नसलेल्या निर्वासितास सरकारने स्वतःच धनको होऊन हप्ते बांधून दिले होते, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. गरिबास पात्र ठरविणे हे अर्धेच काम आहे. त्यास पेलेल असा हप्ता ठरविणे हे उरलेले अर्धे. पहिल्या अर्ध्यात आपण पुष्कळ पुढे आलो. दुसऱ्या अर्ध्यासाठी मात्र विठ्ठलवाडीपलीकडच्या त्या जुन्या बराकींकडे एकवार मागे वळून पाहण्यास हरकत नसावी.