तेलाच्या दाबाचा कांटा

जुन्या मोटारीचा शौक असणाऱ्यांना तिच्यांतील एका लहानशा तबकडीचें मोठें भय असतें. इंजिन तापलें कीं तेलाच्या दाबाचा कांटा उतरूं लागतो आणि त्याबरोबर धन्याचें काळीजहि. मग कोणी अधिक दाट तेल ओततो. कांटा चढतो, समाधान होतें. पण या कांट्याला नेमकें काय सांगावयाचें असतें? तें कळण्यासाठीं १८८३ सालच्या इंग्लंडांत जावें लागेल.

त्या वर्षीं बीचम टॉवर यानें यांत्रिक इंजिनियरांच्या संस्थेसाठीं केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. आगगाडीच्या आंसासारखा चार इंच व्यासाचा दंड, त्याच्या माथ्यावर पितळेचें अर्धें बेअरिंग, आणि दंडाचा खालचा भाग तेलांत बुडालेला, अशी मांडणी होती. तेलाची कुपी बसविण्याकरितां त्यानें बेअरिंगला वरून भोंक पाडलें. दंड फिरूं लागतांच त्यांतून उलट तेलच वर येऊं लागलें! लाकडी खुंटी ठोकली, तर तीहि बाहेर ढकलली गेली. दाबमापक जोडला तेव्हां दर चौरस इंचास २०० पौंडांहून अधिक दाब दिसला. बेअरिंगवरील सरासरी भार मात्र १०० पौंडच होता. याची गणिती उपपत्ति ऑस्बर्न रेनॉल्ड्झ यानें १८८६ सालीं दिली. फिरता दंड तेलाला निमुळत्या फटींत ओढून नेतो आणि तेथें उत्पन्न झालेल्या दाबावर स्वतःच तरंगतो.

म्हणजे दंड उचलून धरणें हें पंपाचें काम नव्हेच. त्यानें फक्त तेल पोंचवावयाचें. बर्मिंगहॅमच्या बेलिस आणि मॉर्कम कारखान्यांतील आल्बर्ट पेन यानें १८९० सालीं पंपानें तेल पुरविण्याच्या पद्धतीचें पेटंट घेतलें, तें वाफेच्या जलद इंजिनांसाठीं. उलट १९०८ ते १९२७ पर्यंत दीड कोटींहून अधिक संख्येनें निघालेल्या फोर्डच्या 'टी' मोटारींत तेलाचा पंपहि नव्हता आणि कांटाहि नव्हता. चक्रानें उडविलेल्या तेलावर तें संथ इंजिन खुशाल चाले. पातळी पाहावयास तळाशीं दोन तोट्या, एवढेंच.

मग कांटा दाखवितो तरी काय? पंपानें ढकललेल्या तेलाला वाटेंत होणारा अडथळा. बेअरिंगचा पांढरा धातु झिजून फट दुप्पट झाली, तर तितक्याच दाबानें तींतून आठपट तेल निसटेल. दाट तेलानें अडथळा वाढतो, पण झीज भरून येत नाहीं; थंडगार सकाळीं तर तें बेअरिंगपर्यंत पोंचावयासहि वेळ लावतें. तेव्हां आधीं दुसरा खात्रीचा दाबमापक लावून पाहावा, कारण जुन्या तबकड्या बेधडक खोटें बोलतात. तेलांत पेट्रोल मिसळून तें पातळ झालें आहे काय, पंपाची जाळी गाळानें तुंबली आहे काय, दाब सोडणाऱ्या झडपेखालीं कचरा अडकला आहे काय, हें पाहण्यास फारसा खर्च नाहीं. या क्षुल्लक कारणांसाठीं धडधाकट इंजिनें उगाच सोडविलीं जातात.

मात्र खालून ठोके ऐकूं येत असतील, तर इंजिन त्याच क्षणीं बंद करावें. मग तेलाची थाळी उतरवून बेअरिंगमध्यें मऊ प्लास्टिकचा बारीक तंतु ठेवावा, टोपी ठरल्याप्रमाणें आवळावी, पुन्हां उघडावी, आणि चपटलेल्या तंतूच्या रुंदीवरून फट इंचाच्या किती सहस्रांशांची आहे तें वाचावें.